डावीकडून दुसरा

१

पाइप सहाच भरले.

समितीतल्या चौघांनी ते डावीकडून मोजले, उजवीकडून मोजले, आणि एका गृहस्थांनी तर छत्रीच्या टोकाने एकेकाला शिवून मोजले. जन्ममृत्यू नोंदणी कचेरीच्या मागच्या भिंतीवर, गच्चीपासून थेट बोळापर्यंत, पावसाचं पाणी खाली आणणारे ओतीव लोखंडाचे सहा पाइप. इमारतीच्या जुन्या नकाशातही सहाच. आणि घोटाळा तिथेच होता. आठ महिन्यांपूर्वी एका शिल्पकार बाईने याच भिंतीवर सातवा पाइप बसवला होता. निदान तिचं म्हणणं तसं होतं.

पाइप बसवायला शिल्पकार कशाला, असं कोणीही विचारील. पण नगरपालिकेने योजनाच तशी काढली होती. चौकाचौकात घोडे आणि कारंजी उभी करून झाली, आता शहरात मिसळून जाणारी कला हवी. अट क्रमांक चार अशी : ‘कलाकृती परिसराशी इतकी एकजीव असावी की ती वेगळी ओळखू येऊ नये.’ बाकीच्या कलावंतांनी ही अट वाचून सोडून दिली. या बाईने ती मनावर घेतली.

तिने पाडलेल्या इमारतीतून त्याच ओतशाळेचा, त्याच मापाचा जुना पाइप मिळवला. चार महिने त्याला मीठ लावलं, व्हिनेगर पाजलं, काजळी फासली. शेजारच्या पाइपांवर जिथे जिथे रंगाचे पोपडे होते तिथे तिथे यालाही पोपडे आणले. हा पाइप पन्हळीला जोडलेलाच नव्हता. त्यातून पाणी नाही, आवाज खाली यायचा. गच्चीवर त्याच्या तोंडात तिने तांब्याचा एक कर्णा बसवला होता, हाताच्या पंजाएवढा, फुलासारखा उमललेला. खाली बोळात वाकून पाइपाला कान लावला की गच्चीवरचा वारा ऐकू येई, कबुतरांची पावलं वाजत, दोरीवरच्या चादरीची फडफड येई. ज्याला वाकायची बुद्धी होईल त्याला आभाळ ऐकू यावं, एवढीच त्या कलाकृतीची मागणी होती.

“बाई, दाखवा तुमचा पाइप,” समितीच्या अध्यक्षबाई म्हणाल्या. या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी ‘दाखवा’ म्हटलं की माणूस नकळत वही शोधू लागे.

फायलीत जागा लिहिलेली होती : डावीकडून दुसरा. शिल्पकार बाई दुसऱ्या पाइपाशी गेली, वाकली, कान लावला. सरळ झाली ती पांढरीफटक. मग तिसऱ्याला कान लावला, चौथ्याला, पाचव्याला, शेवटच्याला, परत येऊन पहिल्याला. सहाही पाइप मुके.

कलाअधिकाऱ्यांनी शिपायाला वर पाठवून पन्हळीच्या सहाही भोकांत बादल्या ओतायला लावल्या. सहाही पाइपांतून पाणी भळाभळा खाली आलं. म्हणजे सहाही खरे.

“चोरीला गेला,” बाई कशीबशी म्हणाली.

“का नव्हताच?” कलाअधिकारी म्हणाले.

२

शिल्पकार बाईचा मामा हा त्या शहरात चौतीस वर्षं मीटर वाचलेला. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी लोक मीटरकाकाच म्हणत. कोणाच्या घरात कुठल्या जिन्याखाली मीटर आहे, कुठला कुत्रा चावतो आणि कुठला नुसताच बोलतो, हे सगळं त्याच्या डोक्यात होतं. भाची लहानपणापासून त्याच्याच घरी वाढलेली. ती दारात उभी राहिली तेव्हा तो चष्म्याची काडी दोऱ्याने बांधत होता.

“मामा, शुक्रवारी चार वाजता समिती परत येणार. तोवर पुरावा दिला नाही, तर माझ्या नावावर लिहितील, काम न करता केल्याचं दाखवलं. मग या गावात मला कोण भिंतीला हात लावू देणार?”

“फोटो?”

“आहे ना.” तिने फोन पुढे केला. मामाने चष्मा नुसता डोळ्यांपुढे धरून पाहिलं.

“पाइप आहे.”

“तेच तर! कलाअधिकारी म्हणाले, हा कुठलाही पाइप असेल.”

“बसवायला कोण होतं?”

“दोन मजूर. ते काम शोधत कुठल्या कुठे गेले. सुट्टीच्या दिवशी सकाळी बसवला, बोळात चिटपाखरू नव्हतं. मला हवंच होतं तसं, कोणाच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून. आता कोणाच्याच डोळ्यांवर आला नाही!” ती हसायला गेली आणि तिचा आवाज फाटला. “गच्चीवरही जाऊन आले. कर्णा नाही. तिथेच बसून रडले आणि खाली आले. मामा, खरं सांगू? आता मलाच वाटायला लागलंय, मी बसवला होता ना?”

मामाने चष्मा खाली ठेवला. भाची उपाशी राहील, याची त्याला काळजी नव्हती; हात चालणारी माणसं उपाशी राहत नसतात. पण स्वतःच्या हातांवरचा भरवसा उडाला तर त्यावर उपाय नाही, हे त्याला ठाऊक होतं.

“जेव आधी,” तो म्हणाला. “आणि मला सांग, त्या भिंतीमागे कोण राहतं?”

“चोर शोधायचा सोडून तुझं भलतंच.”

“मी कधी चोर शोधलेत? मी मीटर वाचायचो.”

३

कलाअधिकारी गोरेगोमटे, नीटनेटके गृहस्थ होते. टेबलावर पेन्सिली उंचीप्रमाणे लावलेल्या. मीटरकाका समोर बसल्यावर त्यांनी पहिली गोष्ट सांगितली ती अशी की त्यांच्याकडे वेळ नाही, आणि मग पाऊण तास बोलले.

“काका, तुमची भाची आहे म्हणून सांगतो. काम झाल्यावर मी स्वतः पाहायला गेलो होतो. खास वाकून पाहिलं. म्हटलं, वा, काय गंज आहे! काय पोत आहे!”

“दुसऱ्याच पाइपाला म्हणालात का?”

अधिकारी एक पेन्सिल सरळ करू लागले.

“फाइल खाली गाडीत राहिली होती,” ते म्हणाले. “मी चौथ्याला म्हणालो. आणि तुमची भाची शेजारी उभी राहून नुसती हसत होती! एका शब्दाने म्हणाली नाही, की साहेब, हा नव्हे.”

मीटरकाकाला एकदम सगळं समजलं. हा माणूस लबाड नव्हता, दुखावलेला होता. नगरपालिकेच्या नळदुरुस्ती खात्याने बसवलेल्या पाइपाची त्याने कला म्हणून तारीफ केली होती, आणि तेव्हापासून ते त्याला टोचत होतं.

“त्या दिवशी एकूण किती पाइप होते, साहेब?”

“कलाकृती मोजायच्या असतात का?”

“बरोबर आहे. मला कलेतलं कळत नाही, म्हणून मी मोजतो.” काका उठला. “आता त्या इमारतीच्या तक्रारींची वही तेवढी बघू द्या.”

चौतीस वर्षांत काका एक गोष्ट शिकला होता. बिल वाढलं की माणूस भांडायला येतो. कमी झालं की कोणी येत नाही. त्यामुळे कुठे काही गडबड असली, तर काका ओरडणाऱ्यांकडे जात नसे. जो आधी ओरडत होता आणि आता गप्प झालाय, त्याच्या जिन्याखाली जाऊन वाकून बघे.

वही जाडजूड होती. वरच्या मजल्यावर पंखा नाही, जिन्यात दिवा नाही, जन्माच्या खिडकीशी मृत्यूची रांग लागते. आणि या सगळ्यांतून दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, न चुकता, एकाच वळणदार अक्षरात एक तक्रार : ‘तळमजला, मागील खोली. भिंतीतून ओल येते. कृपया लक्ष द्यावे.’ तीन वर्षं. छत्तीस तक्रारी.

दोन महिन्यांपूर्वी त्या थांबल्या होत्या. शेवटच्या ओळीनंतर त्या अक्षराचं टिंबदेखील नव्हतं.

४

तळमजल्याच्या मागच्या खोलीत एक बाइंडर राहत होता. राहत म्हणजे दिवसभर तिथेच. जुनी पुस्तकं शिवायची, पुठ्ठे कापायचे, खळ लावायची. खोलीभर पुस्तकांच्या थप्प्या होत्या, भिंतीला अगदी चिकटून. काकाने आत शिरल्या शिरल्या एक थप्पी हलकेच सरकवली आणि भिंतीला तळवा लावला. कोरडी ठणठणीत.

“ओल गेली म्हणायची तुमची?”

बाइंडरने सुई तोंडात धरली होती. ती काढायला त्याने जरा जास्तच वेळ घेतला.

“गेली.”

“कशी?”

“आपोआप.”

“मोठी समजूतदार ओल. नोटीस न देता जागा सोडून गेली.”

“काका, चहा घेणार का?” बाइंडर म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

“घेईन. पुस्तकं बरीच खराब झाली होती का हो?”

आता मात्र बाइंडरला राहवेना. “खराब? पानं गोळा होऊन भाकरीसारखी... म्हणजे, दगड हो, दगड! एका विधवेने नवऱ्याच्या हातच्या वह्या शिवायला दिल्या होत्या. सात वह्या. बुरशी चढली. मी पान पान सुटं करून वाळवलं, तरी दोन गेल्याच. काय तोंड दाखवायचं तिला? छत्तीस अर्ज केले मी. छत्तीस!” मग आपण फार बोललो असं वाटून तो पुन्हा सुईकडे वळला.

काका चहा घेऊन मागच्या बोळात आला. बोळ कसला, दोन भिंतींमधली फट. समोर एका गोदामाची पाठ, तिला खिडकीदेखील नाही. दिवसातून एकदा झाडूवाली जाई, तेवढीच ये-जा. भिंतीवर सहा पाइप ओळीने उभे होते, वयस्कर, गंजलेले, एकमेकांचे सख्खे भाऊ वाटावेत असे.

आणि पहिल्या पाइपाच्या डावीकडे, कोपऱ्याशी, एक पाटी होती. अरुंद, हातभरही रुंद नसलेली, पण उंची म्हणाल तर जमिनीपासून पार पहिल्या मजल्याच्या वर. एकाखाली एक अक्षरं : ‘पु-स्त-कं बां-धू-न मि-ळ-ती-ल.’ अक्षरं संपली तरी पाटी संपतच नव्हती. वर नुसती कोरी फळी, फळीला फळी जोडत थेट गच्चीच्या कठड्यापर्यंत गेलेली.

काकाने चहाचा घोट घेतला आणि बोळाच्या दोन्ही टोकांना पाहिलं. इथून कुठलं गिऱ्हाईक जात होतं? दाराच्या दर्शनी बाजूला तर या माणसाची साधी वीतभर पाटीही नव्हती.

पाटी लोक दिसण्यासाठी लावतात. ही कशावर तरी लावली होती.

५

भंगारवाल्याचं आवार गावाच्या टोकाला होतं. तो काकाचा जुना ओळखीचा. एके काळी त्याने मीटरला लोहचुंबक लावून पाहिलं होतं आणि काकाने ते मुकाट्याने काढून त्याच्याच हातात ठेवलं होतं. तेव्हापासून दोघांत आदर होता.

“गेल्या दोन-तीन महिन्यांत ओतीव लोखंडाचा पाइप आला होता का?” काकाने विचारलं. भाची बरोबर होती. ती ढिगाऱ्यातून आधीच चालू लागली होती.

“आला होता. कोणी आणला ते विचारू नका, काका. माझ्या धंद्यात ते सांगत नाहीत.”

“नाही विचारत. कुठे आहे?”

“गाळायला गेला नाही अजून. तडकलेला माल, मागे पडलाय.”

कुंपणाशी, गवतात, पाइपाचे तीन तुकडे पडले होते. भाची गुडघ्यांवर बसली. मधल्या तुकड्याला हातभर लांब चीर होती. तिने बाहेरून हात फिरवला, मग आत हात घातला आणि बाहेर काढला. कोपरापर्यंत काळंकुट्ट, शेवाळाचा आणि गंजाचा थर.

“माझा नाही.” ती तशीच बसून राहिली. “माझ्या पाइपातून थेंबभर पाणी गेलं नव्हतं. आतून मी तो घासून गुळगुळीत केला होता, आवाज सरकावा म्हणून. हा खराच पाइप आहे, मामा. याच्यातून चाळीस वर्षं पाणी गेलंय. संपलं.”

मामा मात्र हसत होता.

“तुला काय झालं हसायला?”

“चल गच्चीवर.”

गच्चीवर वारा होता आणि कबुतरं होती. भाची पन्हळीकडे न बघता दूर उभी राहिली. मामा पोटावर झोपला आणि कठड्याच्या कडेने, डाव्या कोपऱ्यापासून, बोटाने चाचपत निघाला. कोपऱ्याशी थांबला.

“हे बघ. इथे पन्हळीला भोक होतं. ते बुजवलंय. सिमेंट नवं आहे, अजून रंगही चढला नाही. वरून अंगठ्याने घोटलंय, हौशीने. आणि इथून हातभर उजवीकडे पन्हळ नव्याने कापून तिला खाली जोड दिलाय. तू इथे रडत बसलीस ना, ती जवळजवळ या सिमेंटवरच बसली होतीस.”

भाची जवळ आली.

“आता मोज,” मामा म्हणाला. “तू सातवा बसवलास तेव्हा सात होते. कोपऱ्यातला पहिला, त्याला चीर. त्याची ओल बाइंडरच्या भिंतीत. शेजारी दुसरा, तुझा, आतून कोरडा. कोणीतरी वर आलं, चिरलेला पहिला उतरवला, त्याचं भोक बुजवलं, आणि पाणी शेजारच्या धडधाकट पाइपात सोडलं. खाली जुन्या पाइपाची फिकट रेघ भिंतीवर राहिली, ती झाकायला बाइंडरने ती लांबलचक पाटी ठोकली. राहिले सहा. समिती डावीकडून दुसरा बघते. पण पहिला गेल्यावर दुसरा कितवा होतो?”

“पहिला,” भाची पुटपुटली.

“तुझा पाइप कोणी चोरला नाही, बाळ. त्याला नोकरी लागलीय.”

ती कठड्यावरून खाली वाकली. सहा पाइपांच्या डोक्यांकडे पाहत राहिली.

“मी त्याला कान लावला होता,” ती म्हणाली. “हातसुद्धा लावला. मला ओळखू आला नाही.”

या गोष्टीचं तिला हसू यावं की रडू, हे मामाला कळेना. तिलाही कळत नसावं. मग ती एकदम सरळ झाली.

“पण हे केलं कोणी?”

मामाने सिमेंटवर अंगठा टेकवला. त्या घोटीव खळग्यात तो आरामात बसला, खळगा दुप्पट रुंद होता.

“एवढा अंगठा या गावात एकाच माणसाचा आहे.”

६

नळदुरुस्ती खात्याच्या कोठारात वॉशर एकटाच होता. त्याचं खरं नाव खात्यालाही आठवत नसे. खिशात कायम रबरी वॉशर खुळखुळत, म्हणून वॉशर. धिप्पाड, बुटका, हातांची बोटं केळ्याएवढी. तो एका डब्यातून दुसऱ्या डब्यात तेल ओतत होता, आणि ओतण्यासाठी त्याने हातात धरलं होतं एक तांब्याचं नरसाळं, पंजाएवढं, फुलासारखं उमललेलं.

भाची दारातच थांबली.

वॉशरने वर पाहिलं, मग काकाकडे पाहिलं, मग नरसाळ्याकडे. तेलाची धार हळूहळू थांबली.

“काका, तुम्ही आलात म्हणजे आकडा लागलाच असणार,” तो म्हणाला आणि पालथ्या बादलीवर बसला. “सांगतो. बाइंडर रोज यायचा माझ्याकडे. मी कोठाराला तीनदा लिहिलं, नवा पाइप द्या. नाही म्हणाले, वरून हुकूम नाही. एके दिवशी तो त्या वह्या घेऊन आला, बुरशी आलेल्या. बोलला काही नाही. टेबलावर ठेवल्या आणि गेला. मग मी हुकमाशिवाय वर चढलो.”

“आणि शेजारचा पाइप दिसला.”

“काका, मी चाळीस वर्षं पाइप बघतोय. असला गाढवपणा बघितला नव्हता! चांगला दणकट पाइप, सरळ बसवलेला, आणि पन्हळीला जोडायलाच विसरलेत. वर तोंडात हे नरसाळं अडकवून कोणी शहाणा निघून गेलेला. म्हटलं, आपल्याच खात्यातल्या कोणाचं तरी अर्धवट काम. पुरं करून टाकू.” त्याने चोरट्या नजरेने भाचीकडे पाहिलं. “ताई, ती कला आहे हे मला समिती आल्यावर कळलं. आई शप्पथ. पण घाबरलो मी पाइप उतरवला त्याच दिवशी. चार महिन्यांत निवृत्त होतोय. हुकमाशिवाय सरकारी पाइप उतरवला म्हटलं तर घरी बसवतील, तेही रिकाम्या हाताने. बाइंडर म्हणाला, पाटी लावतो, कोणाला दिसणार नाही.”

भाची पुढे आली. तिने कर्णा त्याच्या हातातून घेतला, उलटा करून पाहिला. त्याला बाजूने पितळेची एक मूठ होती.

“ही मी लावली नव्हती.”

“धरायला अडचण व्हायची,” वॉशर म्हणाला. “म्हणून डाग देऊन बसवली. खराब झालं का?”

“नाही.” तिने मूठ हातात धरून पाहिली. “छान बसलीय.”

वॉशर उठून उभा राहिला.

“ताई, उद्या समितीला माझं नाव सांगा. तुमच्या तोंडाला काळं लागायला नको. फक्त एक करा. तो पाइप लगेच सोडवू नका. नवा मिळेपर्यंत राहू द्या. पुन्हा पाऊस आला तर त्याची पुस्तकं जातील.”

बाहेर आल्यावर भाची कोपऱ्याशी थांबली.

“मामा, कर्णा परत बसवला तर पाणी बंद. पाणी चालू ठेवलं तर माझं आभाळ बंद. आणि खरं सांगितलं तर हा माणूस गेला.”

“हं.”

“तू काही सांगणार नाहीस?”

“मी आकडा सांगायचो,” मामा म्हणाला. “बिल कोणी भरायचं, ते कधी नाही सांगितलं.”

७

शुक्रवारी चार वाजता बोळात माणसं मावेनात. समितीचे चौघे, कलाअधिकारी, मागे बाइंडर, आणि भिंतीला पाठ लावून वॉशर, शिक्षा झालेल्या मुलासारखा.

“पहिला,” भाची म्हणाली. “माझा पाइप तो आहे.”

“फायलीत दुसरा लिहिलाय,” कलाअधिकारी म्हणाले.

मीटरकाकाच्या खुणेवर बाइंडरने पाटीच्या खालच्या फळ्या काढल्या. मागे भिंतीवर फिकट उभा पट्टा होता आणि जुन्या पकडींची भोकं. काकाने भंगारातून आणलेला तुकडा तिथे लावून धरला. त्याच्या पकडी भोकांत चपखल बसल्या.

“हा जुना पहिला. तडकलेला. हा गेल्यामुळे दुसरा पहिला झाला,” काका म्हणाला. “आणि आताचा पहिला पूर्वीपासूनचा आहे का नंतर बसवलेला, ते अध्यक्षबाईंनीच तपासावं. आत हात घालून.”

अध्यक्षबाईंनी बाही वर केली. एके काळी मुलांची नखं तपासत असतील तशाच निर्विकारपणे त्यांनी दुसऱ्या पाइपात खालून हात घातला. तो काळाभोर बाहेर आला. तिसऱ्यात दुसरा हात घातला, तोही तसाच. बोळातल्या तोटीवर दोन्ही हात स्वच्छ धुतले. मग पहिल्यात घातला. हात ओला झाला. बस, नुसता ओला.

“आतून गुळगुळीत आहे,” त्या म्हणाल्या. “काम झालं होतं, हे सिद्ध.”

कलाअधिकाऱ्यांनी खाली पाहिलं. बाइंडरने श्वास सोडला. पण अध्यक्षबाईंचा हात अजून पाइपावरच होता.

“आता सांगा. हा पन्हळीला कोणी जोडला?”

वॉशरने तोंड उघडलं.

“मी जोडून घेतला,” भाची म्हणाली. “या दादांकडून. मीच विनंती केली होती.”

“मग त्या दिवशी चोरीला गेला असं का म्हणालात?” कलाअधिकारी चटकन म्हणाले.

“त्या दिवशी मला माझा पाइप ओळखू आला नाही, साहेब.” ती त्यांच्याकडे सरळ पाहत म्हणाली. “तुम्हालाही आला नव्हता. आपण दोघं फसलो.”

कलाअधिकाऱ्यांचा चेहरा हळूहळू बदलला. आपण एकटेच फसलो नव्हतो, ही गोष्ट त्यांना आठ महिन्यांनी कळत होती. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला नाही.

मीटरकाकाला मनात गंमत वाटली. खरं बोलत होती तेव्हा पोरीवर कोणाचा विश्वास बसला नाही. आणि आज तिने आयुष्यातलं पहिलं धडधडीत खोटं इतक्या सफाईने सांगितलं, की काल कोठारात नसता तर तोही फसला असता.

अध्यक्षबाई मात्र फसल्या नव्हत्या. तीस वर्षं शाळा चालवलेली बाई. त्यांनी भाचीकडे पाहिलं, वॉशरच्या अंगठ्याकडे पाहिलं, बाइंडरच्या दारातून दिसणाऱ्या कोरड्या भिंतीकडे पाहिलं. मग वॉशरला विचारलं, “पाणी नीट येतं?”

“हो, बाई.”

“गळत नाही?”

“नाही, बाई.”

“ठीक आहे. उभे राहू नका, बसा.”

मग अध्यक्षबाई वाकल्या आणि पाइपाला कान लावला. वाकायचं काम त्या दिवशी समितीत त्यांनी एकट्यांनीच केलं.

“काहीच ऐकू येत नाही.”

“आता नाही यायचं,” भाची म्हणाली. “पाऊस पडला की येईल. आधी वरचा वारा ऐकू यायचा. आता पाणी ऐकू येईल.”

“ताई, मला त्यातलं काही कळत नाही,” वॉशर न राहवून म्हणाला. “मी फक्त वरचं खाली आणलं.”

“मीही तेच करत होते,” ती म्हणाली.

अध्यक्षबाईंनी पर्समधून चष्मा काढला आणि समितीची वही पाइपावरच टेकवून उघडली. कलाकृतीचं नाव, जागा, तारीख असे रकाने होते. ‘दुसरा’ खोडून त्यांनी ‘पहिला’ लिहिलं. शेवटच्या रकान्याशी पेन थांबलं.

“इथे शेरा लिहायचा आहे. मागच्या कामांना ‘पाहिले’ लिहिलंय, ‘उत्तम’ लिहिलंय. तुमच्या कामाला काय लिहू?”

शिल्पकार बाईने पाइपावर तळवा ठेवला. थंड, खरखरीत, बाकीच्या पाचांसारखाच.

“चालू आहे, असं लिहा,” ती म्हणाली.